बसवर बहिष्कार, पण कुणाचा?

प्रश्न असा आला आहे: "मुलीच्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीवर फलक करतोय. 'माँटगोमेरी बस बॉयकॉट'ला 'बसबहिष्कार' लिहिलं, तर वडील म्हणाले, 'बहिष्कार तर त्या लोकांवर होता, त्यांनी कसला टाकला?' दुसरा शब्द आहे का?"

वडिलांचा कान तयार आहे. 'बहिस्' म्हणजे बाहेर; बहिष्कार म्हणजे बाहेर काढणं. आपल्याकडे हा शब्द आधी माणसांवर चालला. गावाने किंवा जातीने एखाद्याला बाहेर काढलं की पाणवठा, पंगत, न्हावी, सोयरीक सगळं तुटायचं. वाळीत टाकणं ते हेच. बाबासाहेबांनी 1924 साली संस्थेचं नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा' ठेवलं आणि 1927 साली 'बहिष्कृत भारत' काढलं, तेव्हा तो शब्द कुणाच्या अंगावरचा आहे हे सांगावं लागत नव्हतं. मालावरचा बहिष्कार मराठीत रुळला तो 1905 च्या वंगभंगानंतर, टिळकांच्या चतुःसूत्रीतून. पहिल्या प्रकारात जोरवाला बिनजोराला हाकलतो, दुसऱ्यात गिऱ्हाईक दुकानाकडे पाठ फिरवतं. क्रियापद मात्र दोन्हीकडे 'टाकणे'च.

गंमत म्हणजे इंग्रजी शब्दाचीही हीच गत. 1880 साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट हा जमीनदाराचा कारभारी होता. कुळांनी त्याच्या शेतावर काम करणं सोडलं, दुकानदारांनी त्याला माल देणं बंद केलं. शेवटी सैन्याच्या पहाऱ्यात, बाहेरून मजूर आणून पीक काढावं लागलं. म्हणजे मूळ बॉयकॉट हा चक्क वाळीत टाकलेला माणूस! मालाशी नि सेवेशी त्या शब्दाची गाठ नंतर पक्की झाली.

आता माँटगोमेरी. अलाबामातल्या या शहरात बसच्या पुढच्या दहा जागा गोऱ्यांसाठी राखीव. काळ्या प्रवाशाने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, पुष्कळदा परत खाली उतरून मागच्या दाराने चढायचं. तेवढ्यात चालकाने बस काढली तर पैसे गेले. आणि प्रवाशांतले साधारण तीन चतुर्थांश हेच! 1 डिसेंबर 1955 ला रोझा पार्क्स जागेवरून उठल्या नाहीत म्हणून त्यांना अटक झाली. त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रकं छापली. त्या पत्रकात 'बॉयकॉट' शब्दच नाही. कामाला, बाजारात, शाळेत, कुठेही जाताना सोमवारी बसमध्ये बसू नका, इतकं साधं सांगणं. सोमवारी, 5 तारखेला, पहाटे सहाच्या सुमाराला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा खिडकीपाशी होत्या. एरवी घरकामाला जाणाऱ्या बायांनी भरलेली पहिली बस रिकामी गेली. त्यांनी नवऱ्याला हाक मारून ती दाखवली.

म्हणून 'बंद' नको, बस तर धावत होत्या, फक्त रिकाम्या. 'संप' मुळीच नको, संप कामगार करतात.

किंग यांनाही 'बॉयकॉट' खटकला होता. चळवळीवरच्या 1958 च्या पुस्तकात त्यांनी लिहिलंय की, बस कंपनीचं उत्पन्न बुडवणं एवढाच आपला हेतू नाही, आपण अन्यायी व्यवस्थेला दिलेलं सहकार्य काढून घेतोय, हे लक्षात आल्यावर त्यांनी तो शब्द जवळजवळ सोडला आणि सामूहिक असहकार म्हणायला लागले. लोकांच्या बोलण्यातही 'प्रोटेस्ट' पुष्कळदा यायचा. सरकारला मात्र 'बॉयकॉट'च सोयीचा, कारण 1921 चा बॉयकॉटविरोधी कायदा हाताशी होता. 1956 च्या फेब्रुवारीत त्याच कायद्याखाली 80 हून अधिक जणांवर आरोप ठेवले गेले आणि मार्चमध्ये किंग यांना 500 डॉलर दंड झाला.

मग 'बस-असहकार' लिहावं का? मला तरी ते जमत नाही. 'असहकार' म्हटलं की आपल्याला 1920 आठवतं, आणि नुसता 'सहकार' म्हटलं की साखर कारखाना. किंग यांच्या विचाराबद्दल लिहाल तिथे तो शब्द चपखल बसेल, घटनेचं नाव म्हणून अवघड होतो.

खरी अडचण शब्दात नाही, समासात आहे. 'जातिबहिष्कृत' म्हणजे जातीतून काढलेला. त्याच चालीवर 'बसबहिष्कार' वाचला तर 'बसमधून बाहेर काढणं' असा विग्रह होतो, आणि वडिलांनी नेमका तोच केला. (तसा तो खोटाही नाही म्हणा, मूळ तक्रार तीच होती.) तेव्हा समास फोडा, विभक्ती दिसू द्या आणि कर्ता लिहा. 'बसवर बहिष्कार' म्हटलं की दिशा कळते.

फलकावर मी असं लिहीन: "माँटगोमेरीच्या काळ्या नागरिकांनी शहराच्या बसवर टाकलेला बहिष्कार, 5 डिसेंबर 1955 ते 20 डिसेंबर 1956." खाली बारीक अक्षरात 381 दिवस लोक कसे गेले-आले तेही येऊ द्या: पायी, एकमेकांच्या मोटारींतून, चर्चच्या नावावर घेतलेल्या गाड्यांतून. आणि बस कंपनी नमली म्हणून हे संपलं असं लिहू नका. बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1956 मध्ये कायम केला, त्याचा आदेश शहरात पोचल्यावर लोक पुन्हा बसमध्ये चढले.

जाता जाता, पोटफोड्या 'ष' लिहिलाय ना, तेवढं बघा. प्रदर्शनांत 'बहिश्कार' फार दिसतो.