आधी तोंड मोजा, मग पोट फाडा: तळ्यात शिरलेल्या शिकारी माशांविषयी सल्ला

मत्स्यपालकांकडून आलेले प्रश्न थोडक्यात असे. पावसाळ्यात सोडलेल्या कटला-रोहूच्या बोटुकलीपैकी (बोटाएवढ्या पिल्लांपैकी) ओढजाळ्यात चौथाईसुद्धा येत नाही. उलट मिशीवाले, राखाडी, मोठे मासे निघतात. त्यातल्या दोघांची पोटे फाडली तर रिकामी होती, मग बीज खाल्ले कोणी? छोटे मासे संपले की हा उपाशी मरेल ना? तळ्यातून तो काढायचा कसा? आणि रूपचंद हा पिरान्हाच (धारदार दातांचा परदेशी मासा) आहे का?

बहुतेक वर्णने थाई मागूरची आहेत. नाव थाई असले तरी मासा मूळचा आफ्रिकेतला. भारतात त्याच्या पैदाशीवर आणि पालनावर बंदी आहे, त्यामुळे ‘वाढतोय तर वाढू द्या’ हा पर्याय नाही. देशी मागूर सहसा पाव किलोच्या आसपास राहतो. जाळ्यात दीड-दोन किलोचा, चपट्या रुंद डोक्याचा, अंगावर संगमरवरासारखे डाग आणि पोट पांढरे असलेला मागूर आला तर तो देशी नव्हे.

हा मासा ‘फक्त मासे खाणारा’ नाही आणि खरी अडचण तीच आहे. तो रात्री फिरतो आणि डोळ्यांपेक्षा मिशांवर जास्त विसंबतो, म्हणून गढूळ पाण्यात त्याचे काहीच अडत नाही. तळातल्या अळ्या, गोगलगायी, बेडूक, मेलेले मासे, पाण्यात पडलेले दाणे, सगळे त्याला चालते. तोंड झटक्यात उघडून तो पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. कल्ल्यांतल्या बारीक दातेरी कंगव्याने तो पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्राणीप्लवंगही, गाळून खातो. म्हणजे बोटुकलीवर हात मारतोच, शिवाय कटलाच्या वाट्याचे अन्नही पळवतो. आफ्रिकेतल्या ओकावांगो खोऱ्यात पाणी ओसरताना हेच मासे टोळीने लहान माशांना काठाकडे रेटून खातात. उन्हाळ्यात पाणी आटलेल्या तळ्यात बीज झपाट्याने का संपते, ते यावरून ध्यानात येईल.

बीज कोणी खाल्ले, हे कसे ठरवायचे?

मासा कोणत्या जातीचा यापेक्षा त्याचे तोंड केवढे, हे आधी पाहा. शिकारी मासे भक्ष्य चावून तुकडे करत नाहीत, बहुतेक वेळा अखंड गिळतात. म्हणून पकडलेल्या माशाचे तोंड बोटांनी पूर्ण उघडा, आतली रुंदी आणि उंची पट्टीने मोजा आणि तो आकडा तुमच्या बोटुकलीच्या पाठीपासून पोटापर्यंतच्या उंचीशी ताडून पाहा. बोटुकलीची उंची जास्त असेल तर ती त्या माशाच्या घशात जाणार नाही. ढोबळ हिशेब सांगायचा तर शिकारी मासा स्वतःच्या लांबीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढे भक्ष्य आरामात घेतो. संधी मिळाली तर निम्म्यापर्यंतही जातो. ३० सेंटिमीटरच्या माशाला ७ ते १० सेंटिमीटरचे बीज म्हणजे आयता घास. तेच बीज १५ सेंटिमीटरचे करून सोडले तर या माशापासून बरेचसे वाचेल, पण ६० सेंटिमीटरच्या माशापासून नाही. कटला रोहूपेक्षा उंच अंगाचा असल्याने त्याच लांबीला थोडा अधिक सुरक्षित असतो.

आता रिकाम्या पोटाबद्दल. त्यावरून मासा निर्दोष ठरत नाही. कोमट पाण्यात पचन वेगाने होते, रात्री गिळलेले पिल्लू दुसऱ्या दिवशी दुपारी ओळखू येत नाही. रात्रभर जाळ्यात अडकलेला मासा धडपडीत पोटातले ओकूनही टाकतो. याउलट सापळ्यात कोंडलेला मासा शेजारी अडकलेले पिल्लू तिथेच गिळतो आणि निष्कर्ष चुकतो. म्हणून फेकजाळ्याने पहाटे मासे धरा आणि लगेच बर्फात ठेवा, म्हणजे पचन जवळजवळ थांबेल. लहान-मोठे मिळून निदान १५ ते २० मासे तपासा. दोन माशांवरून काहीच ठरत नाही. आतड्यापेक्षा जठर महत्त्वाचे, ते कात्रीने उभे कापा आणि आतला ऐवज पांढऱ्या ताटलीत पाण्याने पसरा.

मांस विरघळले तरी पुरावा उरतो. कार्प, म्हणजे कटला-रोहूच्या कुळातल्या, माशांच्या जबड्यात दात नसतात, पण घशात कोयत्यासारख्या हाडावर दातांची रांग असते. ही हाडे, खवले आणि डोक्यातले पांढरे कर्णखडे सर्वात शेवटी पचतात. ताटलीत एका बोटुकलीची घशातली हाडे जोडीने मिळतात, म्हणून आकडा दुप्पट धरू नका. किती माशांच्या पोटात बीज निघाले आणि किती पोटे रिकामी होती, दोन्ही आकडे लिहून ठेवा. २० पैकी ६ पोटांत कार्पची हाडे निघाली तर मारेकरी सापडला असे समजा. एकातही नाही, फक्त कीटक आणि गोगलगायी निघाल्या, तर बीज वाहतुकीत दमून मेले का, सांडव्यातून वाहून गेले का, याचा तपास आधी करा. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत हा दुसरा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त असतो.

मत्स्यजिरे (अंड्यातून नुकती निघालेली पिल्ले) सोडलेल्या संगोपन तळ्यात मात्र ती संपवायला मोठ्या माशाची गरजच नसते. डास खाण्यासाठी सोडलेला गंबुसिया जेमतेम बोटाएवढा असतो, तरी अंडी आणि जिरे फस्त करतो आणि मोठ्या पिल्लांचे पर कुरतडतो. तो अंडी न घालता थेट पिल्ले देतो, म्हणून त्याची संख्या पाहता पाहता वाढते. पाठीवर पोहणारे पाणकिडेही जिऱ्यांना धरून शोषतात. त्यांच्यासाठी जिरे सोडण्याच्या आदल्या दिवशी, वारा नसताना, हेक्टरी ५६ किलो खाद्यतेल आणि १८ किलो साबण यांचे मिश्रण पृष्ठभागावर पसरा. तवंगामुळे किड्यांना श्वास घेता येत नाही. वारा असेल तर तवंग एका कडेला जमतो आणि खर्च वाया जातो.

बीज संपले की शिकारी मरेल का?

नाही. भक्ष्य संपले की तो आहार बदलतो. पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकापासून सोडलेल्या नाईल पर्च या मोठ्या शिकारी माशाने तिथल्या शेकडो स्थानिक जातींच्या लहान माशांचा फडशा पाडला. त्या दुर्मीळ झाल्यावर तो गोड्या पाण्यातल्या झिंग्यांवर, चंदेरी चिंगळी माशांवर आणि स्वतःच्याच पिल्लांवर जगला. पिल्ले प्लवंग खातात आणि मोठे मासे पिल्ले खातात. असा मासा अन्नसाखळीच्या तळाशी स्वतःच पाईप टाकून बसतो. थाई मागूरची पिल्लेही एकमेकांना शेपटीकडून धरून गिळतात. पनामातल्या गातून तलावात १९६७ च्या सुमारास पिकॉक बास हा शिकारी मासा शिरला, तेव्हा नेहमीचे छोटे मासे नाहीसे झाले. डासांच्या अळ्या खाणारे तेच असल्यामुळे डासांचे गणितही बदलले.

देशी मरळही शिकारीच आहे. पण स्थानिक माशांना मरळीची चाहूल लागली की लपायचे कळते. बाहेरून आलेल्या पाहुण्या शिकाऱ्याचा वास आणि पोहण्याची ढब त्यांच्या ओळखीची नसते, म्हणून ते पळतच नाहीत.

रूपचंदबद्दल: तो पिरान्हाच्या नात्यातला असला तरी त्याचे दात दाढांसारखे चपटे असतात, फळे आणि बिया फोडण्यासाठी. लहान मासा तोंडासमोर आला तर सोडेल असे नाही. नदी-नाल्यात मात्र तो कदापि जाऊ देऊ नका.

काढायचा कसा?

प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात पाणी उपसून मासे वेचणे सर्वात खात्रीचे. मातीच्या तळ्यात मागूर चिखलात घुसतो आणि हवेतून श्वास घेतो, म्हणून वरवर वाळलेल्या तळालाही भुलू नका. जमिनीला भेगा पडेपर्यंत वाळवा. उपसणे शक्य नसेल तर मोहाची पेंड हेक्टर-मीटरला (एक हेक्टरवर एक मीटर खोल पाण्याला) २,५०० किलो लागते. आधी पाणी कमी केले की खर्च किती वाचतो पाहा: २० गुंठ्यांच्या तळ्यात सरासरी दीड मीटर पाणी म्हणजे ०.३ हेक्टर-मीटर, पेंड ७५० किलो. पाणी अर्ध्या मीटरवर आणले की ०.१ हेक्टर-मीटर, पेंड २५० किलो. पेंड भिजवून उन्हाच्या वेळी सगळीकडे पसरा आणि जाळे ओढत राहा. पेंडीतले सॅपोनिन हे विषारी द्रव्य कल्ल्यांतून रक्तात जाऊन तांबड्या पेशी फोडते. हवा घेणारे मासे उशिरा दमतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही जाळे फिरवायला हवे. पंधरा ते वीस दिवस बीज सोडू नका आणि जनावरांना ते पाणी पाजू नका.

पेंड मिळत नसेल तर त्याच ०.१ हेक्टर-मीटरला १० किलो युरिया टाका आणि साधारण २४ तासांनी १७.५ किलो ब्लिचिंग पावडर. दोन्ही कोरडे एकत्र कालवू नका, घातक वायू तयार होतो. हातमोजे घाला, तोंड-नाक झाका आणि वाऱ्याकडे पाठ करून फेका. त्याआधी चुना टाकला तर पाण्याचा सामू (पीएच) वाढून क्लोरीनचा जोर उतरतो. उघडी, जुनी पावडर असेल तर मासे नुसते बेशुद्ध होतात आणि पुन्हा उठतात. आठवड्याने हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत) दहा-बारा पिल्ले ठेवून पाहा. २४ तास जगली तर पाणी निवळले. हे सगळे फक्त बंद तळ्यात; ओढ्याला किंवा कालव्याला जोडलेल्या पाण्यात एक चमचासुद्धा टाकू नका.

पुन्हा शिरू नये म्हणून पाणी येते त्या मोरीला बारीक नायलॉनची दुहेरी पिशवी बांधा आणि रोज झटका, नाहीतर तुंबून फाटेल. मागूरची चिकट अंडी पाणवनस्पतींना लागून येतात, तेव्हा दुसऱ्या तळ्यातले गवत, जलपर्णी किंवा न वाळवलेले जाळे आणू नका. पावसाळी रात्री तो ओल्या जमिनीवरून सरपटतो; बांधावर दीड-दोन फूट उंच जाळी बाहेर कलती लावा. काढलेला मासा जिवंत कोणाला देऊ नका, विहिरीत वा नदीत सोडू नका. मारून चुन्यासह खोल पुरा आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.