भांडण पेजेच्या वाटीवरून होईल

फोंड्याच्या एका मुलीचं पत्र आलंय. वडिलांचा कॅन्सर यकृतात पसरलाय. बांबोळीच्या डॉक्टरांनी किमो थांबवून हॉस्पिस, म्हणजे आजार बरा करण्याऐवजी शेवटच्या दिवसांत वेदना कमी करून काळजी घेणारी जागा, सुचवलंय. आई म्हणते, "म्हणजे माणसाला टाकून यायचं?" दुबईचा भाऊ म्हणतो, मुंबईला हलवा, मी गणेशचवथीला येतोच. बाबांना कुणी काही सांगितलेलं नाही. घरच्यांची तयारी कशी करू, असं ती विचारते.

बाय,

तू सगळ्यांना समजवायला निघालीस, फक्त बाबा राहिले. आधी त्यांच्याजवळ बस. "डॉक्टर काय म्हणाले, ऐकायचंय?" एवढंच विचार. नको म्हणाले तर विषय तिथेच सोड. हो म्हणाले तर त्यांना कुठं राहायचंय, व्हेंटिलेटर हवा की नको, तेही विचारून घे. नको असेल तर तसं लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३पासून दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भागतं.

आईशी वाद घालू नकोस. तिला लोटलीच्या शांती अवेदना सदनात नुसती बघायला ने, बाबांना न घेता. तिथे पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांची काळजी घेतात. नंतर ती घरीच ठेवू म्हणाली, तरी बिघडत नाही.

भावाला सांग, फाइल मुंबईला पाठव, हव्या त्या डॉक्टरला दाखव. त्यासाठी बाबांना हलवायला नको. आणि चवथीची वाट बघू नकोस, आत्ताच ये, हे स्पष्ट सांग. लाजू नकोस.

पण खरं भांडण होईल ते पेजेवरून. बाबा दोन चमचे घेऊन तोंड फिरवतील, आई रडेल, मावशी म्हणेल, "उपाशी मारताय काय त्यांना?" हे आधीच घरात बोलून ठेव: शरीर थकत येतं तशी भूक जाते, खात नाहीत म्हणून ते जात नाहीत, जायला लागलेत म्हणून खात नाहीत. बळेच भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. मागतील तेव्हा, मागतील तेवढंच. आईचे हात मात्र रिकामे ठेवू नकोस, त्यानेच ती जास्त खचेल. ओल्या कापसाने ओठ भिजवणं, पायांना खोबरेल लावणं, कूस बदलताना धरणं ही कामं तिची.

मॉर्फिनच्या नावानेही घरात कुजबुज होईल. दुखण्यापुरत्या, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेने सहसा व्यसन लागत नाही. शौच मात्र घट्ट होते. त्याचं औषध सोबतच मागून घे.

शेवटी श्वास मध्येच थांबेल, परत सुरू होईल, घशात घरघर होईल. ते ऐकून कुणीतरी १०८ला फोन करेल आणि बाबा कॅज्युअल्टीत पोचतील. म्हणून रात्री कुणाला फोन करायचा, हे त्यांच्या डॉक्टरांकडून आजच विचारून घे आणि तो नंबर फ्रिजवर चिकटव, मोठ्या अक्षरांत, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल असा.