बँक दारात असताना मनी ट्रान्सफर कंपन्या टिकतात कशा?

गावोगावी बँका असताना वेस्टर्न युनियनसारख्या कंपन्यांचं बळ नेमकं कशात, असं तुम्ही विचारलंय. दापोलीत माझं झेरॉक्स नि तिकीट बुकिंगचं दुकान होतं. त्यात अशाच एका कंपनीचा काउंटर मी ९ वर्षं चालवला. गल्ल्यामागून दिसलं तेवढं सांगतो.

पैसे हलतच नाहीत, हलतो तो निरोप. कुवेतमध्ये मुलाने दिनार भरले की त्याला एक नंबर मिळायचा. तो त्याने फोनवर आईला सांगायचा, आणि मी माझ्या गल्ल्यातले रुपये तिला मोजून द्यायचे. माझी भरपाई मागाहून. वेस्टर्न युनियन मुळात १८५१ सालची तारेची कंपनी; १८७१ पासून ती तारेने पैसे पोचवू लागली. तार गेली, युक्ती तीच राहिली.

आता यात रोकड कोणाची, दुकानाचं भाडं कोणाचं? सगळं एजंटचं! म्हणून तर २०० हून जास्त देश-प्रदेशांत पसरता येतं. भारतात २००१ पासून वेस्टर्न युनियनने पोस्टालाच जोडून घेतलं. म्हाताऱ्या माणसांना मनीऑर्डरमुळे ती पायरी ओळखीचीच. गणपती किंवा ईद जवळ आली की माझी मात्र नोटांसाठी बँकेत धावपळ, आणि रोकड संपली तर शिव्याही मलाच.

कमाई दोन ठिकाणी: फी आणि चलनाचा दर. ‘फी शून्य’ अशी पाटी दिसली की आधी दर बघा.

पण खरं बळ मला कटकटीत दिसलं. हर्णैची एक बाई एसटीने आली. नवऱ्याने सासरचं नाव लिहिलेलं, ओळखपत्रावर माहेरचं. “दादा, लहानपणापासून ओळखतोस ना मला?” ओळखत होतो, तरी परत पाठवलं. त्याने तिकडे नाव दुरुस्त केलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी पैसे मिळाले. महिनाभर बोलली नाही माझ्याशी. पण एकदा हातात दिलेली रोकड परत येत नाही, म्हणून तपासणी आधीच कडक. वर रिझर्व्ह बँकेच्या मर्यादा: एका वेळी २,५०० डॉलर, वर्षाला ३० वेळा, आणि रोख ५०,००० रुपयांपर्यंतच, पुढची रक्कम चेकने किंवा खात्यात.

पुढे मुलं मोबाइलवरून थेट आईच्या खात्यात टाकायला लागली. शेवटी शेवटी माझ्याकडे लोक यायचे ते पासबुकाची झेरॉक्स काढून व्हॉट्सअॅपवर दुबईला पाठवायला.