वाचकांचे प्रश्न : एक यादी आणि ‘फ्री प्रेस’

प्रश्न : लॉस एंजेलिसच्या ‘फ्री प्रेस’ या भूमिगत वृत्तपत्राचे प्रकाशक आर्ट कंकिन यांना सरकारी हेरांची नावे छापल्याबद्दल शिक्षा झाली आणि त्यातच ते पत्र बुडाले, असे वाचनात आले. हे खरे आहे का?

उत्तर : शिक्षेपुरते खरे आहे, मात्र ती टिकली नाही, आणि पत्र बंद पडले ते बऱ्याच वर्षांनी, १९७८ मध्ये.

कंकिन हे मुळात कारखान्यात साचे आणि हत्यारे घडवणारे कारागीर. १९६४च्या मे महिन्यात त्यांनी एका जत्रेत विकण्यासाठी आठ पानांचा अंक काढला आणि त्यातूनच पुढे साप्ताहिक उभे राहिले. ‘भूमिगत’ म्हणत असले तरी ते चोरून वाटले जात नसे. रस्त्यावर उघडपणे विकले जाई. त्याचा खप वाढला तो व्हिएतनाम युद्ध, पोलिसांची दांडगाई आणि तरुणांची चळवळ या विषयांवर मोठी दैनिके हात राखून लिहीत होती म्हणून.

ऑगस्ट १९६९ मध्ये कंकिन यांनी अमली पदार्थविरोधी खात्याच्या गुप्त अधिकाऱ्यांची नावे, घरचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक यांची यादीच छापली. ती राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयातील एका टपाल कारकुनाने आणून दिली होती. बातमी छापली म्हणून नव्हे, तर चोरीचा माल स्वीकारला म्हणून खटला भरण्यात आला, ही सरकार पक्षाची हुशारी म्हटली पाहिजे. खालच्या न्यायालयात कंकिन दोषी ठरले. परंतु १९७३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, कागद चोरीचा आहे हे त्यांना ठाऊक असल्याचा पुरेसा पुरावा नाही, असे सांगून ती शिक्षा रद्द केली. तो कारकून यादी परत मागत होता, म्हणजे ती चोरलेली नसून तात्पुरती आणलेली आहे असे वाटणे शक्य होते, आणि हा तपशील येथे कंकिन यांच्या कामी आला. अधिकाऱ्यांच्या घरचे पत्ते छापणे योग्य होते का, हा प्रश्न वेगळा, आणि माझ्या मते ते समर्थनीय नव्हते.

खरा घाव बसला तो पैशांचा. सरकारने आणि अधिकाऱ्यांनी भरपाईचे दावे लावले, छपाईचा खर्च डोईजड झाला, आणि कर्जापायी पत्र कंकिन यांच्या हातून गेले. पुढे ते किमयाशास्त्राच्या अभ्यासाकडे वळले आणि २०१९ मध्ये वयाच्या ९१व्या वर्षी वारले.