सहा वेगवेगळ्या प्रकारांचे पोकेमॉन घेऊनही डबल्समध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंचे दोन-दोन पोकेमॉन एकाच वेळी लढतात त्या प्रकारात, मी सतत हरतो. संतुलित संघात मारणारे किती आणि सोसणारे किती असावेत?

माझ्या मते ही संख्या ठरवण्यापासून सुरुवात केली की संघ बिघडतो. दोन मारणारे, दोन सोसणारे, दोन मदतनीस हे सूत्र सर्वत्र ऐकू येते आणि ते निरुपयोगी आहे. प्रकार वेगळे असणेही पुरेसे नाही. एका सदस्याला जो घाव झेपत नाही तो दुसऱ्याने अंगावर घेतला आणि त्या अवधीत तिसऱ्याला मारण्याची संधी मिळाली, तरच मी त्या संघाला संतुलित म्हणेन.

माझ्या एका जुन्या सहखेळाडूला हे कधीच पटले नाही. माझा संघ हॅटरीन, टॉर्कोल आणि अमुंगस या तिघा मंद पोकेमॉनभोवती आणि काही फेऱ्यांपुरता चालींचा क्रम उलटवणाऱ्या ट्रिक रूम या चालीभोवती उभा होता, आणि अमुंगस कोणालाच धड मारत नाही, त्याला काढून गारचॉम्प घे, असा त्याचा प्रत्येक स्पर्धेआधी आग्रह असे. गारचॉम्प उत्तम पोकेमॉन आहे, यात वाद नाही. परंतु त्याचा मूळ वेग १०२ आहे, टॉर्कोलचा २०, आणि ट्रिक रूममध्ये जो सर्वांत मंद तो आधी चाल करतो, हे माहीत असलेल्या माणसाने तो सल्ला द्यावा याचे मला आजही आश्चर्य वाटते.

अशाच एका स्पर्धेत समोर एक्सकॅड्रिल आणि गेंगार आले. दोघेही हॅटरीनला भारी पडणारे आणि तिच्याहून कितीतरी वेगवान. पहिल्या फेरीत अमुंगसने रेज पावडर वापरून आयर्न हेड आणि शॅडो बॉल हे दोन्ही घाव स्वतःवर ओढून घेतले, त्यामुळे सर्वांत शेवटी चालणारी ट्रिक रूम हॅटरीनला निर्विघ्नपणे लावता आली. दुसऱ्या फेरीत मी हॅटरीनला मागे घेऊन टॉर्कोलला आणले, त्याच्या येण्याबरोबर आगीच्या घावांना बळ देणारे ऊन आले, अमुंगसने स्पोरने एक्सकॅड्रिलला झोपवले, आणि प्रतिस्पर्ध्याने ट्रिक रूमची एक फेरी वाया घालवण्यासाठी गेंगारला प्रोटेक्ट ही स्वतःला वाचवणारी चाल करायला लावली. तिसऱ्या फेरीत पूर्ण आरोग्य असलेल्या टॉर्कोलने उन्हात १५० शक्तीचे इरप्शन केले आणि दोघेही एकदम बाद झाले. त्या सामन्यात अमुंगसने कोणालाही इजा केली नाही, तरीही त्याच्याशिवाय यातले काहीही घडले नसते.

माझ्या सहखेळाडूने या विजयाला नशीब म्हटले. स्पोर आणि इरप्शन या दोन्हींची अचूकता १०० टक्के आहे, रेज पावडर आणि ट्रिक रूम तर चुकतच नाहीत. मग नशिबाला जागा कुठे उरली? २०१४ च्या जागतिक स्पर्धेत सेजुन पार्क पाचिरिसूला घेऊन विजेता झाला, तेही याच कारणाने. फॉलो मी वापरून पाचिरिसू विजेचे घाव स्वतःकडे वळवी, व्होल्ट ॲब्सॉर्ब या अंगच्या गुणामुळे त्या घावांनी त्याचे आरोग्य उलट वाढे, आणि विजेपुढे चौपट दुबळा असलेला गायराडोस मोकळेपणाने लढे. केवळ आकडे पाहून निवड करणाऱ्याने पाचिरिसूकडे ढुंकूनही पाहिले नसते.

म्हणून तुम्ही आधी तुमचा मुख्य मारणारा निश्चित करा, त्याला नेमके कोण थांबवते ते लिहून काढा, आणि उरलेल्या प्रत्येकाला त्यातल्या एकेका अडथळ्याची जबाबदारी द्या. ज्याच्याकडे अशी जबाबदारी नाही तो कितीही बलवान असला तरी बाहेर काढा. शिवाय सामन्यात सहांपैकी चारच उतरवायचे असतात, म्हणून एकमेकांशी जुळणाऱ्या चौघांचे किमान दोन गट हाताशी ठेवा.

येथे काही मर्यादा सांगितल्या पाहिजेत. हे सारे डबल्सपुरते आहे. सिंगल्समध्ये, म्हणजे एकास एक लढतीत, घाव वळवण्याला अर्थ नाही, तेथे स्कार्मरीने शारीरिक आणि ब्लिसीने विशेष घाव सोसावेत अशा जोड्या चालतात, आणि त्याही मॅग्नेटनने स्कार्मरीला अडकवून धरले की मोडतात. डबल्समध्येही ग्रास प्रकारावर रेज पावडर आणि स्पोर दोन्हींचा परिणाम होत नाही, आणि अर्थक्वेकसारखे सर्वांना लागणारे घाव वळत नाहीत. समोरच्याला दचकवून त्याची चाल हुकवणारे फेक आउट तर रेज पावडरच्याही आधी चालते, त्यामुळे समोर ते दिसले की मी हॅटरीनऐवजी डसक्लॉप्सला उतरवतो. घोस्ट प्रकाराचा असल्याने त्याला फेक आउट लागतच नाही आणि ट्रिक रूम ठरल्याप्रमाणे लागते.