पहिली टोपी विणतेयस ना, मग सुरू करायच्या आधी हे बघ

अगं मनालीला जायच्या आधी टोपी व्हायला हवी म्हणतेस तर आजच छोटा चौकोन विणून १० सेंटिमीटरमधे किती टाके बसतात ते मोज, कंटाळा येतो मान्य पण सगळं माप ह्याच्यावरच ठरतं. मध्यम लोकर आणि ४ मिमीच्या सुयांवर साधारण २२ बसतात. डोक्याचा घेर ५५ सेंटिमीटर असेल तर टोपी ५० चीच ठेव, वीण ताणली जाते, म्हणजे हिशोबाने ११० टाके येतात, पण तू ११२ घाल. ११० का नाही तर खालच्या दोन सुलट दोन उलटच्या पट्टीला ४ ने भाग जायला हवा आणि वर घटवताना ८ सारखे भाग पडतात. सपाट विणून कडा शिवणार असशील तर २ जास्त घाल.

रंग बदलताना मागचा धागा खेचू नकोस गं प्लीज!! तिथेच टोपी आवळते, माझ्या भाच्याची कानापर्यंत उतरलीच नाही, फार वाईट वाटलेलं. लाल-पांढरं घेणार असशील तर लाल लोकर ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रंग जातो का बघ.

आणि आपल्या मुंबईत हात घामेजतात, रुमाल जवळ ठेव. लोकलमधे बसायला मिळालं तर साध्या ओळीच विण, रंगाच्या घरीच.