मानधनाचं बोलावं का? खानापूरच्या ताईंना उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात प्रकल्पावर लागून दोन वर्षं झाली, करार अकरा-अकरा महिन्यांचा, आणि मानधनाचा विषय काढला की वरिष्ठ म्हणतात, "सेवा करायला आलात ना?" लोकांची गाऱ्हाणी मांडणाऱ्यांनी स्वतःचं गाऱ्हाणं मांडावं का, हा तुमचा प्रश्न. बेळगाव भागात बावीस वर्षं हेच काम करतेय, त्यावरून सांगते: मांडा, आणि दोन्ही एकाच पत्रात मांडा.

आमच्याकडे एका मुलीची केस होती. घरातल्याच माणसाचा त्रास. पहिल्या तीन भेटींत ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत नुसती बसून राहिली, चौथ्या भेटीत बोलली. पुढच्याच महिन्यात त्या समुपदेशक मॅडमचा करार संपला. नव्या मॅडम मनापासून काम करणाऱ्या होत्या, पण पोरीची ओढणी परत बोटाला. तिसऱ्या आल्या तेव्हा ती म्हणाली, "आधीच्या मॅडमना सगळं सांगितलंय, त्यांनाच विचारा की."

आम्ही वर पत्र लिहिलं ते हेच, तारखांसकट, नाव न घालता. "मुदतवाढ द्या" हे शेवटच्या ओळीत. बैठक लागली. मानधन वाढलं नाही, पण जुन्या-नव्या दोघींनी पंधरा दिवस बरोबर काम करून मगच केस सोपवायची, एवढं पदरात पडलं. नुसतं पगाराचं पत्र असतं तर फायलीतच राहिलं असतं, याची मला खात्री आहे.

आणि वरिष्ठ 'सेवा' म्हणोत, हा शिकून करायचा व्यवसाय आहे. आपल्या देशात समाजकार्याचं शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झालं. वकिलांना बार कौन्सिल आहे, नर्सना नर्सिंग कौन्सिल आहे, आपल्या सगळ्यांना धरून तशी देशपातळीवरची परिषद अजून नाही. २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात दवाखान्यातल्या आणि मानसिक आरोग्यातल्या समाजकार्यकर्त्यांची नावं आली, तेवढं पाऊल पुढे पडलं. म्हणून 'समाजसेविका' म्हणून कुणी हार घातला तर घ्या, पण कागदावर पदाचं नाव नीट लिहून घ्या.

आता मावशींबद्दल. तुमच्याकडच्या त्या बाईंचा विधवा पगाराचा, म्हणजे विधवा पेन्शनचा, अर्ज नाडकचेरीत (महसूल खात्याच्या गावाजवळच्या कचेरीत) दोनदा परत आला म्हणता. अर्ज कन्नडमध्ये, त्यांना येते मराठी, अंगठा एजंटाने घेतलेला. आधी शेजारी बसून अर्ज ओळीओळीने मराठीत वाचून दाखवा. असल्याच एका अर्जात मला नवऱ्याच्या मृत्यूचं साल चुकलेलं सापडलं होतं; ती माऊली साडीच्या दुकानाच्या पिशवीत खरा दाखला घेऊन वर्षभर हेलपाटे घालत होती. अर्ज दिल्यावर सकालाची (सरकारी कामं ठरल्या मुदतीत करून देण्याच्या कर्नाटकच्या योजनेची) पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्यावर पंधरा आकडी नंबर असतो. २०११च्या सकाला कायद्यानं त्याच्या यादीतल्या प्रत्येक कामाला मुदत आहे, ती उलटली की वरच्या अधिकाऱ्याकडे अपील होतं आणि दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. रक्कम थोडी आहे, पण पावती दाखवली की टेबलावरची भाषा बदलते. वकील लागलाच तर बाईमाणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून तो फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

भाषेचं जपून करा. राज्यघटनेच्या ३५०व्या कलमानं तक्रार-अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, म्हणजे मराठीतही. तो हक्क मोठा आहे. पण सीमाप्रश्नावर आपलं मत काहीही असो, मावशीच्या अर्जावर झेंडा रोवू नका. तिला या महिन्यात पैसे हवेत. मी स्वतः कन्नड शिकले, खिडकीवर कन्नडच बोलते, आणि मराठी अर्ज द्यायचा तो तिला विचारून, तिची तयारी असेल तरच.

तुमचा करार मार्चला संपतोय ना? मग आजच वही घ्या. चालू केसेस किती, कोण कुठल्या टप्प्यावर, तुम्ही गेलात तर कुणाला पहिल्यापासून सांगावं लागेल, हे नावांशिवाय लिहून काढा. मानधनाची मागणी त्याच्या खाली लिहा. मसुदा पाठवलात तर मी बघून देईन.